दोन ठिकाणी आलेली बातमी

सर,

परवा नांदगावला एका शाळेच्या कुंपणभिंतीवर मी तुमच्या अक्षरात खोटं रंगवत होतो. खाली चुन्याचा हात, त्यावर गेरूने अक्षरं, अक्षरांना निळीची सावली. अमुक यांनाच विजयी करा, गावाला पाणी देतील. पाणी मिळणार नाही हे मला ठाऊक होतं, समोरच्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. तरी अक्षर असं उतरत होतं की येणारा-जाणारा थांबायचा, वाचायचा आणि मान डोलवायचा. ती मान अक्षराला डोलत होती, मजकुराला नाही. पण मत पडतं ते मजकुराला. हे तुम्ही मला शिकवलं नाही. तुमच्यामुळे मला ते शिकावं लागलं.

तुम्हाला जाऊन दहाएक वर्षं होत आली. जिवंत होतात तेव्हा शेवटची दोन वर्षं मी तुमच्याशी धड बोललो नाही आणि आता कागद पुढे ओढून बसलोय. माझं डोकं तापट आहे हे तुम्ही शाळेतच ओळखलं होतं. चित्रकलेच्या तासाला मी रागाने कागद फाडला की तुम्ही म्हणायचात, "फाडा, फाडा. पण फाडतानाही रेघ सरळ येऊ द्या." वर्ग हसायचा. मी हसायचो नाही. अजूनही येत नाही मला ते हसू, म्हणून हे सगळं सरळ रेघेत येणार नाही, एवढं आधीच सांगतो.

तुमचा फळा मला आजही तसाच दिसतो. चौकातल्या वाचनालयाच्या पायरीशेजारी, पत्र्याच्या छपराखाली, माणसाच्या उंचीचा. रोज सकाळी शाळेआधी तुम्ही यायचात. ओल्या फडक्याने कालचं पुसायचात, सुतळी खडूच्या भुकटीत घोळवून फळ्यावर ताणायचात आणि टिचकी मारून रेघा उमटवायचात. खडू साखरेच्या पाण्यात भिजवलेले असत, म्हणजे अक्षर उजळ दिसतं आणि कुणाची बाही लागून पुसलं जात नाही. मथळा पिवळा, खालचा मजकूर पांढरा. दूधवाले सायकल टेकवून वाचायचे. घाटावरून येणारे ओल्या पंच्यानिशी वाचायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. वर्तमानपत्र घेणारी घरं आपल्या भागात मोजकीच. बाकीच्यांचं जग तुमच्या फळ्याएवढं. दिल्लीत काय झालं, मुंबईत काय ठरलं, कांद्याची निर्यात उघडली का बंद, सगळं तुमच्या हातून यायचं. लोक म्हणायचे, "फळ्यावर आलंय." म्हणजे विषय संपला.

आणि तुमचा तो नियम. एकाच वर्तमानपत्रात आलेली बातमी फळ्यावर जायची नाही. दोन ठिकाणी आली तरच. मला तुमचं स्वयंपाकघर आठवतं. काकू दम्याने पलंगावर, म्हणून पोळ्या तुम्हीच लाटायचात. परातीशेजारी जमिनीवर दोन्ही वर्तमानपत्रं पसरलेली, फळीवर पिठाच्या डब्यांच्या मधे रेडिओ. कणीक मळताना तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर नजर फिरवायचात आणि पिठाच्या बोटाने खूण करायचात. ज्या बातमीवर दोन्हीकडे पीठ लागलं ती फळ्यावर. तुमच्या रद्दीला पिठाचा वास असायचा.

तो नियम तुम्ही उगाच केला नव्हता, हे मीही जाणतो. दुष्काळाच्या साली मुलं पळवणाऱ्या टोळीची आवई उठली होती. घाटावर एका फिरस्त्याला लोकांनी इतकं मारलं की त्याचा एक कान कायमचा गेला. तुम्ही दुसऱ्या दिवशी फळा भरून लिहिलंत की अशी एकही घटना कुठल्याही वर्तमानपत्रात नाही, पोलिसांत नाही, रेडिओवर नाही. दोन दिवसांत लोक वरमले. ज्यांनी हात उचलला होता तेच त्या माणसाला दवाखान्यात डबा नेऊन द्यायला लागले. तेव्हा मी अकरावीत होतो आणि मला वाटलं होतं, जगात ताकद असावी तर अशी. खडूची. म्हणून तर मी तुमच्यामागे लागलो, मला अक्षर शिकवा. तुम्ही वर्षभर नुसत्या उभ्या रेघा काढायला लावल्यात.

मग मी कॉलेजात गेलो आणि ती भेटली. तिला तुम्ही ओळखत होतात, तिलाही चित्रकला तुम्हीच शिकवलेली. नदीपलीकडच्या बौद्ध वस्तीतली, वर्गात सगळ्यांत पुढे बसणारी आणि सगळ्यांत आधी निघून जाणारी. तिच्याशी बोलायचं कसं, यातच माझं पहिलं वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी तिचा भाऊ कामाला होता त्या कारखान्यात संप झाला आणि मला, लाज वाटते सांगायला, आनंद झाला. सातपूरला कारखान्याच्या गेटवर बसलेल्या लोकांना वस्तीतून भाकरी जायची. माझ्याकडे सायकल होती. मी म्हणालो, मी नेतो. रोज सकाळी तिच्या दारात उभं राहायचं, तिने फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या हातात द्यायच्या, "चटणी वेगळी आहे, सांडू नको," एवढं म्हणायचं. त्या एका वाक्यासाठी मी कॉलेज बुडवायचो. प्राध्यापकांनी घरी पत्र पाठवलं. वडील म्हणाले, "भाकऱ्या पोचवून बी.ए. होतं का?" मी म्हणालो, "होत असेल तर बघतो." त्या वर्षी परीक्षेला बसलो नाही आणि परत कधी बसलो नाही.

पण गेटवर रोज जाऊन जाऊन मी फक्त तिचा राहिलो नाही, सर. तिथल्या लोकांचाही झालो. तिचा भाऊ मला बघून म्हणायचा, "आले पाव्हणे. चटणी आणली का कविता?" त्याला सगळं समजलेलं होतं. बिगारीची माणसं कायम करा, एवढंच त्यांचं मागणं. आणि हळूहळू आपला चौक त्यांच्या बाजूने झुकत होता. तुमच्या फळ्यावर संपाची बातमी दोनदा आली होती, दोन्ही वेळा नीट, कुणाला न दुखवता. चौकातल्या दुकानदारांनी ठरवलं होतं की गुरुवारी पाठिंब्याला दुकानं बंद ठेवायची. आपल्या भागातले नगरसेवक स्वतः मोर्च्यापुढे चालणार होते. मेन रोडची बाजारपेठ आपल्यामागे येईल असा सगळ्यांचा हिशेब होता. शहर एक दिवस बंद राहिलं तर कंपनी बोलायला बसेल, हे गेटवरच्या प्रत्येकाला पटलेलं होतं.

मंगळवारी सकाळी मी सायकल धरून गेटशी उभा होतो. बदली कामगार भरलेला एक ट्रक आत चालला होता. लोक आडवे झाले, घोषणा दिल्या. ड्रायव्हर घाबरला, त्याने गाडी झटक्यात मागे घेतली, मग परत पुढे, आणि गेटचा अर्धवट उचललेला आडवा दांडा समोरच्या काचेत घुसला. काच फुटली. एवढंच. आवाज झाला तसे पोलीस लाठ्या घेऊन धावले. तिच्या भावाला पाठीवर बसल्या, मला सायकलीसकट ढकललं, भाकऱ्या मातीत. दगड कुणी मारला नाही. मी दहा हातांवर होतो.

त्याच संध्याकाळी मी तुमच्याकडे आलो. तुम्ही पोळ्या लाटत होतात. म्हणालात, "या कॉलेजकुमार. कोपर कुठे सोलवटलं?" मी सगळं सांगितलं. काच कशी फुटली ते पोळपाट-लाटणं घेऊन दाखवलं. म्हणालो, "सर, उद्या फळ्यावर हे लिहा. मी होतो तिथं."

तुम्ही पोळी उलटली. "उद्या छापून येऊ दे."

"छापून कशाला यायला हवं? मी सांगतोय ना. माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे. पण फळा माझा एकट्याचा नाही. आज तू सांगतोस म्हणून लिहिलं, तर उद्या दुसरा येऊन सांगेल, मी पाहिलं, तो माणूस मुलं पळवत होता. त्यानेही पाहिलेलंच होतं हो. तो कानवाला आठवतोय ना?"

पलंगावरून काकू म्हणाल्या, "अहो, आधी त्याच्या कोपराला हळद लावा, मग वाद घाला." तुम्ही हळद लावलीत. मी सायकल काढली, कारण मला खात्री होती. दिवसाउजेडी, पन्नास माणसांसमोर घडलेलं. छापून येईलच की.

आलं. दोन्हीकडे आलं. संपकऱ्यांची दगडफेक, मालट्रकची काच फुटली, जमाव प्रक्षुब्ध. बुधवारी सकाळी मी चौकात पोचलो तेव्हा तुम्ही हात झटकून निघालाही होतात आणि फळ्यावर पिवळ्यात, सुंदर, एकसारख्या उंचीचं लिहिलेलं होतं: सातपूरला संपकऱ्यांची दगडफेक. खाली पांढऱ्यात तिच्या भावाचं नाव. पोलिसांनी नोंदवलेल्या नावांत ते पहिलं होतं. त्याचं नाव इतक्या देखण्या अक्षरात त्याआधी कुणी लिहिलं नसेल आणि नंतरही नाही.

कोपऱ्यावरचा सलूनवाला दाढी करता करता म्हणत होता, "आपण ह्यांच्यासाठी शटर पाडायचं आणि हे दगड मारणार? उद्या आपल्याच काचा फोडतील."

खुर्चीतलं गिऱ्हाईक साबणातून म्हणालं, "त्या वस्तीतली पोरं आधीपासून तशीच."

"काल संध्याकाळपर्यंत तुम्हीच म्हणत होता, पोरं कष्टाळू आहेत," मी दारातून ओरडलो.

"काल फळ्यावर कुठं होतं?" सलूनवाला शांतपणे म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता हो.

मी नगरसेवकांकडे धावलो. ते पानाला चुना लावत होते. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तुझं खरं असेल रे. पण माझं काम लोकांच्या मनात काय आहे ते बघायचं आहे. मोर्च्यापुढे चालायचं म्हणजे मागे कुणीतरी असावं लागतं." मी म्हणालो, सरांना जाऊन सांगा, तुमचं ऐकतील. ते हसले. "सरांनी लिहिलंय म्हणूनच तर अडलंय. पेपरवाल्यांचं कुणी मनावर घेत नाही. सर खोटं लिहीत नाहीत, हे अख्ख्या भागाला माहीत आहे."

गुरुवारी सगळी दुकानं उघडी होती. मेन रोडवर नेहमीसारखी गर्दी. कंपनीचा साहेब गाडीतून शहरभर फेरी मारून गेला म्हणे, खात्री करायला. पुढच्या आठवड्यात संप मोडला. बाकीचे आत गेले. फळ्यावर नाव आलेले बाहेर राहिले.

आणि बुधवारची ती संध्याकाळ. ती पुलावर थांबली होती, पहिल्यांदाच माझ्यासाठी थांबलेली. ज्या दिवसाची मी दोन वर्षं वाट बघितली तो असा आला. म्हणाली, "आईने सकाळपासून दादाशी बोलणं टाकलंय. म्हणते, सर खोटं कशाला लिहितील रं, त्यांचं काय वाकडं केलंय आपण? दादा म्हणतो, अगं आई, मला दगडच मारायचा असता तर बिचाऱ्या ट्रकला कशाला, साहेबाच्या गाडीला नसता मारला? तरी ती बोलत नाही." मग तिने माझ्याकडे बघितलं. "तू तिथं होतास ना? मला खरं सांग. दादानं मारला का?"

मी म्हणालो, "नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "एवढा वेळ का लागला?"

"कुठे वेळ लागला?"

"लागला," ती म्हणाली. पदर खांद्याभोवती घेतला आणि चालू लागली. मी हाक मारली नाही. त्यानंतर भाकऱ्या नेण्याचं कारण उरलं नाही. महिन्याभरात त्यांनी घर हलवलं. तिच्या मामाचं गाव नांदगावकडे.

तुमच्याशी माझं भांडण झालं ते त्या बुधवारी नाही, पुढे झालं. हे आठवतंय ना? पोलिसांची चौकशी झाली. कामगारांच्या वकिलाने दांड्यावरचे काचेचे ओरखडे दाखवले. आणि हेही बाहेर आलं की कंपनीचा माणूस मंगळवारी संध्याकाळी जीपने दोन्ही वर्तमानपत्रांत जाऊन एकच टाईप केलेला मजकूर देऊन आला होता. म्हणजे तुमची दोन ठिकाणं एकाच टेबलावरची. त्यातल्या एका वर्तमानपत्राने खुलासा छापला. आतल्या पानावर, हरवल्याच्या जाहिराती आणि लग्नाच्या मुहूर्तांच्या मधे, बोटभर. काच दांडा लागून फुटल्याचे आढळले, दगडफेक झाल्याचा पुरावा नाही. दुसऱ्याने काहीच छापलं नाही.

मी ते पान घेऊन तुमच्या स्वयंपाकघरात आलो. मला वाटलं, आता. आता सर उठतील, पातेलं खाली उतरवतील आणि खडूचा डबा घेतील. तुम्ही चष्मा पुसून वाचलंत. दुसरं वर्तमानपत्र घेतलंत, पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलंत. रेडिओकडे बघितलंत, जणू तो काही सांगणार होता. मग म्हणालात, "एकाच ठिकाणी आलंय."

मी आधी समजलोच नाही. मग समजलं.

"सर, खोटं दोन ठिकाणी आलं म्हणून लिहिलंत आणि खरं एका ठिकाणी आलं म्हणून लिहिणार नाही?"

"आवाज खाली. काकू झोपल्यात."

"त्याची नोकरी गेली, सर. त्याच्या आईने त्याच्याशी बोलणं टाकलं. तुमच्या अक्षरामुळे."

"माझ्या अक्षरामुळे नाही. बातमीमुळे."

"बातमी तर सगळ्यांनी छापली होती. विश्वास तुम्ही छापलात."

तेव्हा तुम्ही मला बोललात. आयुष्यात एकदाच आवाज चढवलात. "नियम तुझ्या प्रेमप्रकरणासाठी मोडायचा का? तू त्या मुलीसाठी आलायस माझ्याकडे, खऱ्यासाठी नाही. ती नसती तर तू सातपूर कुठल्या दिशेला आहे ते तरी बघितलं असतंस का?"

मी फळीवरचा साखरेच्या पाण्यातल्या खडूंचा डबा उचलून मोरीत उलटा केला आणि निघून आलो. तुमचं म्हणणं खरं होतं. ती नसती तर मी गेलो नसतो. पण त्याने काच दगडाने फुटत नाही, सर. माणूस कुठल्या कारणाने गेटपर्यंत पोचला, याने गेटवर काय घडलं ते बदलत नाही. हे उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. उत्तरं मला नेहमी पुलावरून उतरल्यावर सुचतात.

वर्षाच्या आत आणीबाणी आली. मग तर तुमच्या नियमाला काही कामच उरलं नाही. सगळंच दोन ठिकाणी यायचं. गाड्या वेळेवर धावू लागल्या, दोन ठिकाणी. जनतेत समाधान, दोन ठिकाणी. रेडिओवर तिसऱ्यांदा. तुम्ही ते सगळं लिहीत राहिलात, पिवळ्यात मथळा, पांढऱ्यात मजकूर. सलूनवाला वाचून दाखवायचा आणि शेवटी आवाज बदलून म्हणायचा, "आणि आपण सगळे सुखी आहोत." लोक हसायचे, पण आजूबाजूला बघून. मी लांबून जायचो. कॉलेज सुटलेलं, घरी तोंड दाखवायची सोय नाही, घाटावर नुसता बसून असायचो.

तिथेच तुम्ही आलात एकदा. शेजारच्या पायरीवर बसलात. मग पिशवीतून कागदात गुंडाळलेला ब्रश काढलात. तुमचा स्वतःचा, चपटा, दांड्याचा रंग बोटांनी झिजलेला. म्हणालात, "रविवार कारंज्यावर एक दुकान उघडतंय. पाटी रंगवून हवी आहे त्यांना. मी तुझं नाव सांगितलंय." मी ब्रश घेतला. आभार मानले नाहीत. तुम्ही उठलात, दोन पायऱ्या चढलात आणि परत वळलात.

"एक विचारायचं होतं. दोन्हीकडे शब्दन्‌शब्द सारखाच असेल, तर ते एक धरायचं की दोन?"

सर, किती साधेपणाने विचारलंत हो तुम्ही. वर्गात एखाद्या मुलाने सावली कुठल्या बाजूला काढू म्हणून विचारावं तसं. मला कळलं होतं तुम्ही काय विचारताय. सातपूरचं विचारताय, आणीबाणीचं विचारताय, एवढ्या वर्षांच्या फळ्याचं विचारताय. मी पाण्याकडे बघत म्हणालो, "नियम तुमचा आहे. तुम्हीच ठरवा." तुम्ही मान हलवलीत, गेलात. त्या हिवाळ्यात काकू गेल्या आणि त्यांच्या मागे काही महिन्यांत तुम्ही. निवडणूक झाली, सरकार पडलं. ती बातमी लिहायला तुम्ही नव्हतात. फळा पंधरा दिवस कोरा होता. लोक येऊन थांबायचे आणि कोऱ्या फळ्याकडे बघून एकमेकांना विचारायचे, "खरंच पडलं का?"

आता त्या छपराखाली टीव्ही आहे. तेच नगरसेवक, आता पक्षाचे जिल्ह्याचे पुढारी, त्यांनीच वाचनालयाला भेट दिला. संध्याकाळी चौक गच्च भरतो. टीव्हीला कुणी विचारत नाही की हे दुसऱ्या कुठे आलंय का. बोलणारी बाई नीटनेटकी साडी नेसते, डोळ्यांत बघून बोलते. लोकांना ती घरातली वाटते. फळ्यावर पक्षाची शाखा काय वाटेल ते लिहिते, वाकड्यातिकड्या अक्षरात. त्यावर मात्र कुणी विश्वास ठेवत नाही. मला वाटतं, चला, वाईट अक्षराने तेवढं तरी भलं केलं.

आणि मी भिंती रंगवतो. निवडणूक आली की पुढारी मला बोलावतात. "सरांच्या वळणाचं काढ. जुन्या लोकांना ते बघितलं की खरं वाटतं." त्यांना त्या बुधवारचं काहीच आठवत नाही; मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "कुठला संप?" विरोधी पक्षाचंही कंत्राट मीच घेतो, पोटाला पक्ष नसतो. सटाण्यात, देवळ्यात, सगळीकडे दोन्ही बाजूंची भांडणं एकाच हाताने लिहिलेली आहेत. या खेपेला नांदगाव मी मागून घेतलं. का ते तुम्हाला सांगायला नको.

शाळा सुटली तेव्हा मी शिडीवर होतो. ती बाहेर आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, डोक्यावर थोडे पांढरे, हातात वह्यांचा गठ्ठा. मला बघून आधी ओळखलं नाही, भिंतीला ओळखलं. वाचत उभी राहिली. मग वळून समोरच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीकडे बघितलं. तिथे मी सकाळीच दुसऱ्या पक्षाचं रंगवलं होतं: यांना पाडा, यांनी पाणी पळवलं. गेरू अजून ओला होता.

"अक्षर सरांचंच," ती म्हणाली.

"हो."

"दोन ठिकाणी आलंय. म्हणजे खरंच असणार."

ती हसली नाही. मी शिडीवरून उतरेपर्यंत थांबली. मी भावाचं विचारलं. मनमाडला हमाली करतो, पाठ दुखते म्हणाली. आई गेली. "शेवटपर्यंत दादाच्या हातचं पाणी प्यायची, पण बघायची नाही त्याच्याकडे," म्हणाली. मग म्हणाली, "तू लग्न केलंस?" मी नाही म्हणालो. या खेपेला वेळ लागला नाही. तिच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण ती एकदम वह्या सावरून निघाली.

त्या दिवसापासून हे लिहायचं चाललंय. लिहून ब्रशांच्या डब्यात ठेवीन, तिथे रॉकेलच्या वासाने कागद पिवळा पडेल. पाठवायला तुमचा पत्ता नाही आणि असता तरी हे शेवटचं लिहिल्यावर पाठवलं नसतं. एवढी वर्षं मी सगळ्यांना सांगितलं, स्वतःलाही, की पुलावर मला उत्तर द्यायला वेळ लागला तो रागामुळे. तुमच्यावरच्या. तसं नव्हतं. सकाळी मी तुमचा फळा वाचला होता. तिने विचारलं तेव्हा मी गेट डोळ्यांपुढे आणायला गेलो. गेटशेजारी रस्त्याच्या कामासाठी टाकलेला खडीचा ढीग होता. त्या ढिगाशी मला एक माणूस वाकलेला दिसला आणि त्याचा हात वर गेलेला दिसला. तसा कुणी तिथे नव्हता, मी दहा हातांवर सायकल धरून उभा होतो. तो डोळ्यांपुढून जाईपर्यंत मी थांबलो आणि मग तिला नाही म्हणालो. आता ट्रकचा रंग आठवत नाही, ड्रायव्हरचा चेहरा आठवत नाही. तो वर गेलेला हात मात्र अजून दिसतो.